बेजारु म्हणजे बेजार नव्हे

संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी विचारून घेतलं, "नंबर चुकला नाही ना?" दिवाळी अंकात आपल्या नोकरीबद्दल लिहिणारी माणसं निवृत्त असतात. कुणी स्टेशनमास्तर, कुणी फौजदार, भिंतीवर निरोपसमारंभाचा फोटो, गळ्यात हार. मला निवृत्त व्हायला अजून तीसेक वर्षं आहेत. आणि निरोप म्हणाल तर लोकांनी मला ते भरपूर दिलेत, पण दारातूनच, समारंभ न करता.

"म्हणूनच लिहा," संपादक म्हणाले. यात कौतुक किती आणि रिकामी पानं किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मी मैसूरच्या एका लहानशा संस्थेत काम करते. ऑफिस बन्नीमंटपाच्या बाजूला, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. काम असं : साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नैराश्य आलंय की काय याचा अंदाज घ्यायचा, आणि तशी शंका आली तर त्याला डॉक्टरांच्या दारापर्यंत न्यायचं. निदान मी करत नाही, औषध मी देत नाही. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थ बाईसारखी माझी गत. लग्न लावणारा वेगळा, संसार करणारे वेगळे, शिव्या मात्र दोन्ही बाजूंनी मध्यस्थाला.

मी मूळची सांगलीची, आणि पत्रकांवर वाढलेली. कॉलेजात बसभाडेवाढीविरुद्ध पत्रक लिहिलं, वसतिगृहाच्या जेवणाविरुद्ध लिहिलं. पुढे प्राचार्यांनी ते जेवण सुधारलं, तरीही पत्रक त्यांच्याविरुद्ध वाटलंच, कारण छापून झालं होतं. पत्रकाची भाषा एकदा डोक्यात बसली की माणूस साधं बोलेनासा होतो. चहा गार आला तरी तोंडून निघतं, "आम्ही विचारतो, हा चहा गार का?"

मैसूरच्या संस्थेला मराठी बोलणारी कार्यकर्ती हवी होती. इथं पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. कुणाचे पूर्वज मैसूरच्या फौजेत होते, कुणाचे आजोबा शिक्षक म्हणून आले. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत कन्नड शब्द जवळच्या पाव्हण्यांसारखे येतात, दार न वाजवता. मला वाटलं, मराठी ती मराठी, आपल्याला काय अवघड! या वाक्याचा सूड मैसूरनं पुढची सहा वर्षं उगवला.

आल्या आल्या मी पत्रक काढलं. लाल ठसठशीत अक्षरांत : 'नैराश्य हा आजार आहे, लाज नव्हे!' खाली : 'म्हातारपण म्हणजे उदासी, हे आम्हाला मान्य नाही!' गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलवर वाटलं आणि पुढच्या रविवारी सभा ठेवली. रविवारी हॉल गच्च भरला. मला भरून आलं. म्हटलं, समाज जागा होतोय!

पहिला प्रश्न सुंदराबाईंनी विचारला. मंडळातल्या सगळ्यांत जुन्या बाई, पुढच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "आमच्या घरी नैऋत्याला जिना आहे. तो काढूनच टाकायला पाहिजे का री?"

मग कळलं ते असं. तिथल्या वडीलधाऱ्यांची शाळा कन्नडमधून झालेली, देवनागरी वाचायची सवय नाही. सुंदराबाईंनी पत्रक नातीकडून वाचून घेतलं. नातीला शाळेत हिंदी आहे, तिनं अडखळत 'नैरा… नैरा…' केलं, आणि आजीच्या कानानं उरलेला शब्द पुरा केला. वास्तुशास्त्राच्या कृपेनं नैऋत्य दिशा इथं प्रत्येकाच्या तोंडात असते. बातमी पसरली की महाराष्ट्रातून एक बाई आलीय, घराच्या नैऋत्य कोपऱ्याचा दोष फुकटात सांगते. मी घाम पुसत खरा विषय सांगितला, तसा हॉल रिकामा झाला. सुंदराबाई तेवढ्या मागे राहिल्या. माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "बेजारु करून घेऊ नको ग."

मला हसू आलं. मी कशाला बेजार होऊ? लोकांना बेजार करण्याचं काम माझं. तो शब्द मी तिथंच, खुर्च्यांच्या रांगेत सोडून आले. उचलून घेतला असता तर पुढचं हसं टळलं असतं.

आता या कामाबद्दल थोडं, बाहेरच्यांसाठी. नैराश्य म्हटलं की डोळ्यांपुढे रडणारा माणूस येतो. म्हातारी माणसं बहुतेक वेळा रडत नाहीत. ती पोटाची तक्रार सांगतात, गुडघ्याची सांगतात. झोप पहाटेच मोडते. जेवण 'ढकलतात'. चिडतात. नावं विसरतात, मग घरच्यांना वाटतं स्मृतिभ्रंश सुरू झाला. पूर्वी ज्यात जीव रमायचा ते एकेक सुटत जातं. आणि यातल्या प्रत्येक गोष्टीला घरात एकच उत्तर तयार असतं : "वय झालं." या दोन शब्दांविरुद्ध मी निदान पाच पत्रकं काढली असतील. वय झाल्यानं केस पिकतात, दृष्टी अधू होते. जगण्यावरची वासना उडणं हे वयाच्या खात्यात टाकायचं नसतं, ते तपासायचं असतं. थायरॉइडमुळे तसं होऊ शकतं, जीवनसत्त्व कमी पडल्यानं होऊ शकतं, एखाद्या चालू गोळीमुळे होऊ शकतं. आणि ते नैराश्य असेल तर त्यावर उपचार आहेत, सत्तरीतही लागू पडतात. हे सगळं मला तेव्हा पाठ होतं. पाठ असण्यानं किती भागतं, ते सांगते.

आमच्याकडे एक फोन आला होता. येलवालला एक वडीलधारे गृहस्थ आहेत, जरा येऊन बघा. फोन कुणी केला हे विचारायचं मला सुचलं नाही. मी हुणसूर रस्त्याची बस धरली.

त्यांना इथं हनुमंतराव माने म्हणते. नाव बदललंय, आणि हे नवं नाव त्यांनी स्वतः निवडलंय. "शूर वाटतं," म्हणाले. घरी-दारी सगळे अण्णा म्हणतात. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात टूलरूमला आयुष्य गेलं. बायको गेल्यावर मुलानं येलवालच्या नव्या वस्तीत घर बांधलं आणि त्यांना शहरातून इकडे आणलं. मुलगा बेंगळूरला, आठवड्याच्या शेवटी येणारा. घरात अण्णा आणि सून गीता. गीता शहरात एका ऑफिसात नोकरीला.

अण्णा व्हरांड्यात बसले होते, खुर्ची रस्त्याकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून. गीतानं मला कॉफी दिली आणि ती चौकटीला टेकून उभी राहिली. मी सुरुवात केली.

"काय त्रास होतो काका?"

"काका नको. अण्णा म्हण."

"काय होतं अण्णा?"

"काय होणार? पोट. गुडघा. वय."

"झोप लागते?"

"लागते, जाते."

"मन उदास असतं का?"

"नाही बा. उदास कशाला?"

"मग कसं वाटतं?"

"बेजारु वाटते," अण्णा म्हणाले.

मी कान टवकारले. आमच्या सांगलीत माणूस आपोआप बेजार होत नाही. त्याला डास बेजार करतात, सावकार बेजार करतो, सासू बेजार करते. बेजार म्हटलं की करणारा हवाच. मी पुढे सरकून हळू आवाजात विचारलं, "कुणामुळे?"

अण्णांनी मान उचलून दाराकडे पाहिलं. दारात गीता. "कुणामुळे म्हणून सांगू?" ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे बघू लागले.

झालं! खटला उभा राहिला, साक्ष झाली, निकालही लागला. मी कॉफी अर्धी टाकून स्वयंपाकघरात गेले आणि गीताला सुनावलं. ज्येष्ठांचा छळ कसा गुन्हा आहे, कायदा काय म्हणतो, समाज काय म्हणतो, आम्ही गप्प बसणार नाही, वगैरे. मध्ये 'आम्ही विचारतो' दोनदा आलं. गीता कुकर उतरवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, फडका खुंटीला लावला आणि म्हणाली, "आयतु मॅडम, बरं. झालं असेल तर तुमची बस येईल आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसात सुनांवरच्या नव्या पत्रकाचा मथळा जुळवत होते. जिन्यावर चपला वाजल्या. दारात गीता. जेवणाच्या सुट्टीत आलेली, डबा हातातच.

"तुम्हाला फोन मी केला होता," ती म्हणाली.

मी हातातला कागद उलटा ठेवला.

"एक सांगा. तुमच्यात माणसाला सॅड वाटलं तर काय म्हणता?"

"उदास. नैराश्य."

"ते छापायला. घरात काय म्हणता?"

तेवढी पत्रकं लिहिलेली मी, पण आईनं हे कसं म्हटलं असतं ते आठवायला वेळ लागला. "करमत नाही," मी शेवटी म्हणाले. "जीव रमत नाही."

"हां. तेच ते, आणि त्याच्या पुढचंही. करमत नाही, कुणाचं बोलणं मनाला लागलं, जीव नको झाला, सगळ्याला आम्ही बेजारु म्हणतो. कन्नड शब्द आहे तो. अण्णांनी तुम्हाला सगळं सांगितलं होतं मॅडम. एका शब्दात. मला गेलं वर्षभर नाही सांगितलं ते. आणि तुम्ही विचारलं, कुणामुळे!"

"पण त्यांनी तुमच्याकडे बघितलं…"

"कॉफीचा कप घेऊन जा म्हणून बघतात ते असं!"

मी माफी मागितली. म्हणजे माफीचं पत्रकच वाचून दाखवलं म्हणा. ते मध्येच तोडून गीता खुर्चीत बसली आणि एकदम तिचा आवाज खाली आला. तिनं अण्णांच्या सगळ्या तपासण्या अर्ध्या दिवसाच्या रजा काढून करून घेतल्या होत्या. थायरॉइड ठीक निघालं. बी-ट्वेल्व्ह कमी होतं, त्याची इंजेक्शनं झाली, तरी फरक पडला नाही. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वय झालं. नवरा म्हणाला, वय झालं.

"त्यांच्या खोलीत हत्यारांचं शेल्फ आहे," ती म्हणाली. "फाइली, पाने, मायक्रोमीटर. टूलरूमचा माणूस, जीव त्याच्यात. आयुध पूजेला सगळी हत्यारं तेल लावून मांडायचे, कुंकू लावायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. मागच्या दसऱ्याला शेल्फ उघडलंच नाही. आणि आता एकेक काढून देऊन टाकतात. प्लंबर आला, त्याला पाना दिला. शेजारच्यांना फाइली दिल्या. हे म्हणतात, बरं झालं, जागा होईल. मला भ्या वाटते हो."

भ्या मलाही वाटलं. प्राणापलीकडे जपलेल्या वस्तू माणूस मुकाट्यानं वाटायला लागला तर आमच्या कामात ती धोक्याची घंटा मानतात. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं.

"भाषण नको," गीता म्हणाली. "या, आणि विचारा. नीट."

तर मी नीट विचारायला गेले. या वेळी ठरवलं होतं, अण्णांच्या भाषेत विचारायचं. अडचण एवढीच की अण्णांच्या भाषेतले शब्द माझ्याजवळ फार थोडे होते. खुर्ची ओढून मीही भिंतीकडे तोंड करून बसले.

"अण्णा, बेजारु कधीपासून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही गेल्यावर नाही. तेव्हा बरा होतो. नंतर. हळूहळू."

"सकाळी जास्त की संध्याकाळी?"

"सकाळी. मी उठायच्या आधी तो उठून बसलेला असतो."

यापुढे काय विचारावं याची मी मनात कन्नड जुळवाजुळव करत राहिले. क्रियापद मिळेना. मी गप्प. मग अण्णाच बोलायला लागले. पाना हातात घेतला तर कशाला घेतला ते हाताला कळत नाही, म्हणाले. रेडिओ लावला तर आवाज दुसऱ्याच्या घरातून आल्यासारखा. गीता दुपारला भाजी कुठली करून ठेवू विचारते, तेवढं ठरवायलाही दमायला होतं. मी मान हलवत होते. पुढे कधीतरी अण्णांनी गीताला सांगितलं, "ती मुलगी ऐकून घेते हं चांगलं." कसलं ऐकून घेते! ती शांतता माझी नव्हती, माझ्या कन्नडची होती.

मग तो प्रश्न विचारायची वेळ आली. तो टाळायचा नसतो. विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. आधीच असेल तर निदान त्याला वाट मिळते. घोषणा द्यायला कधी न लटपटलेली माझी जीभ तिथं लटपटली.

"अण्णा, जगणं नको असं वाटतं?"

भिंतीला सांगितल्यासारखे ते म्हणाले, "झोपावं आणि उठू नये, असं वाटते. स्वतः काय करायचं असं नाही. पण उठलो नाही तर कुणाची अडचण कमी."

"हे मी गीताला सांगणार. आणि डॉक्टरांना."

"चाडी करणार?"

"करणार."

"हुच्चास्पत्रेला मी येत नाही." म्हणजे वेड्यांचं हॉस्पिटल. "सगळी मेटगळ्ळी बघेल. मानेचं डोकं फिरलं म्हणेल."

मी समजावलं. शरीर म्हणजे एक मशीन, असं म्हणायला तोंड उघडलं, तसे ते कडाडले, "मशीनचं उदाहरण देऊ नको! टूलरूम ऐकलं की प्रत्येक डॉक्टर मला मशीनचं उदाहरण देतो. बेअरिंग काय आणि ग्रीस काय. मशीनला कधी बेजारु होतो का?"

मी पटकन गप्प झाले, या वेळी मराठीतही. अण्णा मला वरून खाली न्याहाळत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"एक करू. तू पेशंट. मी तुला घेऊन आलोय. कुणी विचारलं तर तसं सांगायचं. तुला बघून कुणालाही पटेल."

मी आनंदानं हो म्हटलं. युक्तीचं श्रेयही मनातल्या मनात मीच घेतलं.

त्याच आठवड्यात आम्ही सरकारी हॉस्पिटलच्या मानसिक आजारांच्या विभागात बाकावर बसलो होतो. गीता केसपेपर काढायला खिडकीच्या रांगेत गेली होती. अण्णा इस्त्रीच्या शर्टात, ताठ. आणि समोरून आले शिवण्णा. अण्णांचे जुने कारखान्यातले सहकारी, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला दुसऱ्या विभागात आलेले, चुकून या व्हरांड्यात वळलेले.

"एन री माने, इल्लि?" शिवण्णांनी विचारलं. काय हो, तुम्ही इथं?

अण्णांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "ई हुडुगी. स्वल्प तले सरी इल्ला." या पोरीचं डोकं जरा ठीक नाही.

शिवण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कधी विसरणार नाही. वाईट नव्हती हो, कनवाळूच होती. पण त्यात माझं शिक्षण, माझी नोकरी, माझी पत्रकं, सगळं पुसून एका क्षणात मी 'अरेरे, बिचारी' झाले. माझे कान तापले. आणि 'लाज नव्हे' असं लाल अक्षरांत छापून गावभर वाटणारी मी उभी राहून, मराठी, इंग्रजी आणि मोडक्या कन्नडमध्ये एकदमच ओरडले, "मी पेशंट नाही! मी कार्यकर्ती आहे! पेशंट हे आहेत!"

व्हरांडा वळून बघायला लागला. शिवण्णांनी अण्णांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आयतु, आयतु," असं पुटपुटत ते निघून गेले. अण्णा उठले. फाटकाकडे चालू लागले.

गीता केसपेपर घेऊन आली. रिकामा बाक बघितला, मग माझं तोंड बघितलं. "काय केलंत?" तिनं विचारलं. 'आता' हा शब्द तिनं गिळला, तिचे उपकार.

अण्णा फाटकाबाहेर चहाच्या गाडीपाशी उभे होते. चहा घेतलेला नव्हता. येलवालच्या बसकडे डोळे. मला कळत होतं, हा माणूस आता बसमध्ये चढला की पुन्हा या फाटकात येणार नाही. आणि ज्या सकाळी तो उठायच्या आधी बेजारु उठून बसलेला असतो, तसल्या सगळ्या सकाळी त्याला एकट्यालाच काढाव्या लागतील. माझ्या बॅगेत पत्रकं होती. त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

"अण्णा," मी म्हणाले, "मला लाज वाटली."

ते वळले नाहीत.

"तुम्ही मला पेशंट म्हणालात ना, तेव्हा. फार लाज वाटली. मेल्यासारखं झालं."

"तू तर छापलंय, लाज नव्हे म्हणून. गीतानं वाचून दाखवलं मला."

"छापलंय. वाटायची ती वाटलीच."

अण्णांच्या नाकातून एक आवाज आला. मला वाटलं ठसका. ते हसत होते. ते हसणं फार दिवसांनी वापरात आलेल्या बिजागरीसारखं कुरकुरत आलं. (मशीनचं उदाहरण दिलं. माफ करा अण्णा.)

"तुला एवढ्याशानं लाज वाटली," ते म्हणाले, "तर मी वर्षभर तोंड भिंतीकडे करून बसलो ते काय चुकलं ग?"

"काय नाही चुकलं."

"शिवण्णाचं तोंड बघितलंस? बीपी वाढलं असेल त्याचं." त्यांनी बसकडे पाहिलं. बस उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. ती निघून जाईपर्यंत अण्णा बघत राहिले. मग म्हणाले, "चल पुट्टी. तुझा नंबर गेला असेल." पुट्टी म्हणजे छोटी पोर. तोपर्यंत मी 'मुलगी' होते, फार तर 'ती'.

आत डॉक्टरबाईंनी त्यांना पुष्कळ वेळ दिला. झोप, भूक, स्मरण, चालू असलेल्या गोळ्या, सगळं विचारलं. गीतानं आणलेले रिपोर्ट पाहिले. न उठण्याच्या विचाराबद्दल त्यांनी जितक्या सहज विचारलं तितक्याच सहज अण्णांनी सांगितलं. बाईंनी कन्नडमध्ये सांगितलं ते असं : हा वेडेपणा नाही, वय नाही, आळस नाही. गोळी लहान मात्रेनं सुरू करू. पहिल्याच आठवड्यात काही जादू होणार नाही, गुण यायला काही आठवडे जातात. आधी पोट थोडं कुरकुर करेल. बरं वाटलं म्हणून किंवा वाटेना म्हणून, मनानं थांबवायची नाही. सोबत बोलायला यायचं. आणि तो विचार बळावला तर नंबराची वाट न बघता, त्याच दिवशी यायचं. गीतानं एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली.

निघताना बाई मला म्हणाल्या, "व्हरांड्यात तुमचं भाषण झालं म्हणे. रेफरल घेऊन येता की मोर्चा?"

तिसऱ्या आठवड्यात अण्णा गोळी बंद करायला निघाले. मळमळतं, उपयोग शून्य. गीतानं त्यांच्याशी वाद घातला नाही. बाईंना फोन लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. या कामातला मोठा भाग हा असा असतो, त्यात कुणी घोषणा देत नाही. पुढे एका रविवारी मुलाला खुर्ची रस्त्याकडे वळवलेली दिसली. त्यानं गीताला विचारलं, "कुणी फिरवली?" ती म्हणाली, "फिरली."

सगळीकडे असं होत नाही. एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांच्या घरी मी तीनदा गेले. तिन्ही वेळा त्यांचा मुलगा दारातच म्हणाला, आईला काही नाही, देवाधर्मात मन लावत नाही एवढंच. एकदा मी त्याच्याशी भांडलेसुद्धा. भांडायला नको होतं. चौथ्यांदा दार उघडलंच नाही. त्या खिडकीत बसलेल्या दिसतात. मी अजून त्या रस्त्यानं जाते, मुद्दाम सावकाश चालते आणि हात करते. एखादे वेळी त्या मान हलवतात. असं एखादं घर प्रत्येकीच्या वाट्याला येतं, असं डॉक्टरबाई म्हणतात. मला ते मान्य नाही. पण यावर पत्रक काढलेलं नाही, एवढी सुधारणा.

जुनी पत्रकं सुंदराबाईंनी फराळाच्या डब्यांत घालायला नेली, कागद चांगला आहे म्हणाल्या. नवं पत्रक कन्नड लिपीत आहे, भाषा मैसूरच्या घरातली मराठी. वर एकच शब्द : 'बेजारु?' सभेला आता हॉल भरत नाही. पण सभा संपल्यावर दोघं-तिघं खुर्च्या आवरायच्या निमित्तानं मागे रेंगाळतात.

त्या वर्षी आयुध पूजेला अण्णांनी बोलावलं. बन्नीमंटपाचे रस्ते दुसऱ्या दिवशीच्या मशालींच्या कवायतीसाठी आधीच अडवलेले, मी वळसे घेत येलवालला पोचले. शेल्फ उघडं होतं. पाटावर तेल लावलेली हत्यारं मांडली होती. प्लंबरला दिलेला पाना परत मागून आणला होता, आणि प्लंबरही शेजारी बसून केळं खात होता. गीताची स्कूटी कुंकवानं माखलेली, फाटकापुढे फोडलेला कोहळा. अण्णा कुंकवाची वाटी घेऊन एकेका फाइलीला टिळा लावत होते.

"तुझं आयुध काढ," मला म्हणाले. "आज कामाचं हत्यार पुजल्याशिवाय कुणी जायचं नाही."

मी बॅगेतून पत्रकांचा गठ्ठा काढून पुढे केला.

अण्णांनी तो बाजूला सारला. "कागद आहे तो."

"मग तोंड!" प्लंबर म्हणाला. गीता हसता हसता खाली बसली.

"तोंडाला नको," अण्णा म्हणाले, "ते विनापूजेचंच फार चालतं." आणि वाटीत बोट बुडवून त्यांनी माझ्या उजव्या कानाच्या पाळीला ठसठशीत टिळा लावला. "हे गंजू देऊ नको."

परतीच्या बसमध्ये कंडक्टर तिकीट देता देता थांबला. "किवीगे एनायतु, मेडम?" कानाला काय झालं?

"आयुध पूजे," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली आणि तिकीट फाडून दिलं. त्याच्या मशीनलाही कुंकू होतं.